कारखाना पुसला, भाव चढला



लिलाव हा शब्द आमच्या घरात जप्तीच्या मागनं आला. आज्याची भांडी चावडीपुढं मांडलेली, आणि बोली लावायला सगळं गाव गोळा. म्हणून फोटोचाही लिलाव होतो हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, कुणा कर्जदाराच्या भिंतीवरनं उतरवला असंल.

तसं नव्हतं. 8 नोव्हेंबर 2011. न्यूयॉर्क, ख्रिस्तीजचं लिलावघर. जर्मनीच्या आंद्रियास गुर्स्कीचा 1999 चा फोटो, ‘ऱ्हाइन 2’. भाव 43 लाख 38 हजार 500 डॉलर. त्या वेळच्या दरानं वीस कोटी रुपयांच्या वर. फोटोत काय? हिरवं गवत, मधनं नदीचा करडा पट्टा, वर ढगाळ आभाळ. माणूस औषधालाही नाही.

का नाही ते ऐका. माणसं होती. कुत्री फिरवणारी होती. कारखान्याची इमारत होती. गुर्स्कीनं ते सगळं काँप्युटरवर पुसलं.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात साचा चालवतो. रातपाळी सुटल्यावर हे वाचलं आणि झोप उडाली. कलावंतानं त्याचं चित्र कसंही करावं, माझं भांडण त्याच्याशी नाही. माझा सवाल बोली लावणाऱ्यांना. ज्या कारखान्यांवर तुमचा पैसा उभा राहिला, तो डोळ्यांपुढनं गेला की मगच नदी सुंदर दिसती काय?

दुसरी गंमत. फोटोच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात. या फोटोच्या फक्त सहा काढल्या. टंचाई पाडायची आणि भाव घ्यायचा. धान्यात हेच केलं तर आपण त्याला साठेबाजी म्हणतो. तिथं त्याला मर्यादित आवृत्ती म्हणतात.

माझ्या आईनं चैत्यभूमीवरनं बाबासाहेबांचा फोटो आणलाय. तोच फोटो लाखो घरांत आहे. प्रती जेवढ्या वाढल्या तेवढं त्याचं मोल वाढलं. हे गणित कुठल्या लिलावघराला सुटंल?

आता वाट्याचं बघा. 2005 ला ख्रिस्तीजमध्येच रिचर्ड प्रिन्सचा ‘काउबॉय’ 12 लाख 48 हजार डॉलरला गेला. मार्लबोरो सिगारेटच्या छापील जाहिरातीचाच फोटो प्रिन्सनं काढलेला. जाहिरातीसाठी उन्हातान्हात कॅमेरा धरणारा वेगळाच. त्याचा वाटा शून्य. पुनर्विक्रीत कलावंताला हिस्सा देणारा देशव्यापी कायदाही अमेरिकेत नाही. पैसा विकणाऱ्याचा आणि लिलावघराचा. कॅमेरेवाल्यालाच कुणी विचारत नाही, तर फोटोतल्या माणसाला कोण विचारणार?

हे न्यूयॉर्कचं झालं. आता आपल्या गल्लीत या. मागच्या पावसाळ्यात वस्तीत एकजण कॅमेरा घेऊन आला. गटारात उतरलेल्या माझ्या मामाचा फोटो काढला. नाव विचारलं नाही. फोटो शहरातल्या प्रदर्शनात लागला, खाली दोनच शब्द : ‘सफाई कामगार’. मामाला एक प्रतसुद्धा मिळाली नाही.

तो आता परत येतोय. आणि आपलीच पोरं त्याला वस्ती दाखवायला तयार! म्हणतात, आपलं दुःख जगापुढं जाईल. अरे, दुःख जातंय, नाव मागंच राहतंय. बिननावाचं दुःख दिवाणखान्यात टांगायला सोपं जातं. नाव लिहिलं की ते हिशेब मागतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तो येऊ दे. पण आधी कागद करा. ज्याचा फोटो त्याची परवानगी, खाली त्याचं नाव, त्याच्या घरी एक प्रत, आणि विकला तर त्यात वाटा. सही करणार नसंल तर चहा पाजा आणि वाटेला लावा. आपल्या खिशात मोबाईल आहेत. आपले फोटो आपण काढू. खाली नाव, गाव, तारीख, काम लिहू. आणि प्रती हजार काढू.

मामाचं नाव मी इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. ते आधी त्या फोटोखाली आलं पाहिजे.

जय भीम.