शाहिराच्या गळ्यांतील मंत्र

अलिबागेस आमच्या घरीं पावसाळ्यांत दर रविवारीं तरुण मंडळींचा एक खेळ रंगतो. टेबलाभोवतीं बसून एकानें सूत्रधार व्हावें, इतरांनीं एकेक पात्र घ्यावें, आणि फांशांच्या दानावर साऱ्यांनीं मिळून कथा पुढें न्यावी, असा त्याचा प्रकार आहे. अमेरिकेंत १९७४ सालीं निघालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ तो हाच. त्यांत ‘बार्ड’ नांवाचें एक पात्र असतें. त्यास आपण शाहीर म्हणूं. त्याला गाणेंहि येतें आणि मंत्रहि येतात. या दोहोंचें प्रमाण काय असावें, यावर परवां मोठा वाद झाला, आणि आम्हांसहि त्यांत पडल्यावांचून राहवलें नाहीं.

१९७८ च्या नियमांप्रमाणें शाहीर होऊं इच्छिणाऱ्यास आधीं योद्धा व मग चोर व्हावें लागे. २००० सालच्या नियमांत साथीदारांस धीर देण्याचें त्याचें सामर्थ्य गायनादि कौशल्याच्या पायरीवर अवलंबून होतें. २०१४ सालीं मात्र त्यास नवव्या, म्हणजे सर्वोच्च, पायरीपर्यंतचे मंत्र मिळाले; पण ते टाकतांना तो सुरांत गातो कीं बेसूर, हें पाहण्याचें कारणच उरलें नाहीं. वाद्य हातीं राहिलें, तें मांत्रिकाच्या काठीसारखें! हा शाहिराचा मान वाढविणें नव्हे, त्याचा गळा काढून घेणें होय.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, खेळ म्हणजे कांहीं गायनाची परीक्षा नव्हे. ज्याचा आवाज वाईट, त्यानें शाहीर होऊंच नये काय? अवश्य व्हावें. योद्ध्याचें पात्र घेणाऱ्यास आपण तलवार चालवून दाखवावयास सांगत नाहीं; परंतु त्याच्या पात्राचा वार लागला कीं हुकला, हें फांसा टाकून ठरवितोंच. मग शाहिराचा सूर लागला कीं नाहीं, एवढेंच तेवढें गृहीत कां धरावें?

दुसरा आक्षेप समतोलाचा. गाणेंहि प्रबळ आणि मंत्रहि प्रबळ झाले, तर इतर पात्रांनीं काय करावें? याचें उत्तर शोधण्यास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. याच रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागांत आणि रत्नागिरीकडे चालणारी जाखडी पाहावी. शक्तिवाले व तुरेवाले समोरासमोर उभे राहतात. एक पक्ष शक्तीस श्रेष्ठ मानतो, दुसरा शिवास. पुराणांतील कूट प्रश्न गाण्यांतून टाकावयाचा आणि त्याचें उत्तरहि गाण्यांतूनच द्यावयाचें. उत्तर बिनतोड असूनहि ताल सुटला, तर तें श्रोत्यांच्या कानांपर्यंत पोंचतच नाहीं. आवाज गोड असूनहि उत्तर चुकलें, तर बारी गेली. तेथें सूर आणि सामर्थ्य यांचीं वेगळीं खातीं नाहींत, आणि दोहोंवर श्रोत्यांचा पहारा आहे.

म्हणून आमची सूचना अशी. शाहिराचे मंत्र थोडे असावेत, परंतु त्यांतील प्रत्येक गायनाच्या दानांतून जावा. दान चांगलें पडल्यास प्रभाव दुणावावा, वाईट पडल्यास ओसरावा. शिवाय ज्यास गाणें ऐकूं येत नाहीं किंवा त्याची भाषा कळत नाहीं, त्यावर तें चालूं नये. एवढ्यानें समतोल आपोआप साधेल.

खेळाच्या नियमांवर एवढा काथ्याकूट कशासाठीं, असें वाचक विचारतील. १६५९ च्या अफझलखानवधाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासानें कोणताहि मंत्र टाकला नव्हता. तरी त्यास घोडा व सोन्याचा तोडा मिळाल्याचें त्याच पोवाड्यांत सांगितलें आहे. गाण्यांतच बळ असतें, हें ज्या समाजास ठाऊक होतें, त्याच्या मुलांनीं गाणें म्हणजे बळावर चढविलेला नुसता दागिना, असें खेळतां खेळतां शिकावें, हें आम्हांस पाहवत नाहीं. नियम मुलांच्याच हातीं आहेत. पुढच्या रविवारीं ते बदलून पाहावेत.