त्याचं पोट भरलेलंच आहे, तो कशाला खाईल?

निवडणुका आल्या की हापिसात डबे उघडताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. "बिझनेसवाला माणूस हवा बुवा राजकारणात. पोट भरलेलं आहे, तो कशाला खाईल?"

असं म्हणणाऱ्यांनी एकदा लेलँड स्टॅनफर्डचा बायोडेटा वाचावा. हो, तोच, विद्यापीठवाला!

हा गडी 1852 मध्ये कॅलिफोर्नियात आला आणि खाणवाल्यांना किराणा विकून पैसेवाला झाला. 1861 मध्ये सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनीचा अध्यक्ष, आणि 1862 च्या जानेवारीत राज्याचा गव्हर्नर. मग कंपनीची खुर्ची सोडली? छे! 1863 मध्ये काउंट्यांना लोकांच्या पैशातून या कंपनीचे शेअर घेता यावेत असे कायदे झाले, तेव्हा गव्हर्नर हाच आणि कंपनीचा अध्यक्षही हाच.

केंद्र सरकार रेल्वेला कर्जरोखे द्यायचं. सपाटीवर मैलाला 16,000 डॉलर, डोंगरात 48,000. मग राज्याच्या भूगर्भशास्त्रज्ञाने कौल दिला की सिएरा डोंगर सॅक्रामेंटोपासून सातच मैलांवर सुरू होतो. खरा चढ बराच पुढे. पण लिंकनने ते मान्य केलं आणि सपाट जमिनीवर डोंगराचा दर लागला.

गव्हर्नर झाल्यावर पहिल्याच भाषणात साहेब म्हणाले, आशियातले लोक इथे नकोत. पुढे त्यांच्याच कंपनीने हजारो चिनी मजूर राबवले. 1867 च्या जूनमध्ये त्यांनी पगारवाढ आणि कमी तासांसाठी संप केला, तर कंपनीने त्यांची रसदच तोडली. आठवड्याभरात संप खलास.

"पण रेल्वे झाली ना? विद्यापीठ उभं राहिलं ना?" झालं की. 10 मे 1869 ला प्रॉमंटरीला रूळ जुळले, आणि पंधरा वर्षांचा मुलगा गेल्यावर त्याच्या नावाने 1885 मध्ये विद्यापीठही स्थापन झालं. ते काम मोठंच. पण त्याच वर्षी हे सेनेटर झाले, तेव्हाही सरकारी कर्ज फिटायचंच होतं. 1893 मध्ये ते वारले. सरकारने त्यांच्या इस्टेटीवर दीड कोटी डॉलरचा दावा लावला, आणि 1896 मध्ये सुप्रीम कोर्टात सरकार हरलं.

तेव्हा उमेदवार श्रीमंत आहे का हे विचारूच नका. आधीची खुर्ची सोडली का, ते विचारा. आपण साधा दहा ओळींचा कोडसुद्धा लिहिणाऱ्यालाच रिव्ह्यू करू देत नाही. राज्य मात्र द्यायला तयार!