बियाणे आमचे, नाव कोणाचे?

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा जनतेसमोर ठेवला आणि त्यावर सूचना व हरकती मागवल्या. 1966 च्या बियाणे कायद्याची जागा घेण्यासाठी हा मसुदा तयार करण्यात आला. त्याची चर्चा झाली ती मुख्यत्वे बनावट बियाणे, कंपन्या आणि दंड यांच्या अंगाने. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस व सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्यास बोगस बियाण्याने जो फटका बसतो, तो पाहता हे स्वाभाविकच होते. परंतु याच विधेयकाकडे कोकणातील एखाद्या लहान गावातून पाहिले, तर निराळाच प्रश्न समोर उभा राहतो. उदाहरणादाखल आपण रत्नागिरी तालुक्यातील पूर्णगड घेऊ.

मुचकुंदी नदी जेथे सागरास मिळते, तेथे एका छोट्या किल्ल्याच्या सावलीत हे गाव वसले आहे. या किनारपट्टीचा उदरनिर्वाह मासेमारी, आंबा-काजू आणि पावसाळी भात यांवर चालतो. भात कापल्यावर जमिनीतील ओलीवर कुळीथ-पावटा होतो आणि जेथे विहिरीला पाणी आहे तेथे थोडी भाजी. जमीन तुकड्यातुकड्यांची. पिकवलेली भाजी रत्नागिरीच्या बाजारात न्यावी, तर तेथे घाटावरून ट्रकने आलेल्या स्वस्त भाजीशी गाठ. शिवाय भाजी दोन दिवसांत सुकते. बियाण्याचे तसे नाही. ते नीट वाळवून ठेवले तर पुढच्या हंगामापर्यंत सहज टिकते, त्याला ट्रक लागत नाही आणि पाच-दहा गुंठ्यांतील पीक एका पिशवीत मावते. म्हणूनच सेंद्रिय भाजीपाल्याचे गावठी बियाणे पिकवून विकणे हा अल्पभूधारकास शोभणारा जोडधंदा होऊ शकतो, असे आम्हांस वाटते.

मात्र हा धंदा दिसतो तितका सोपा नाही. टोमॅटो, वाल, चवळी यांचे परागीभवन बहुतांशी स्वतःच्याच फुलात होते, त्यामुळे त्यांची जात शुद्ध राखणे तुलनेने सोपे. दोडके, पडवळ, लाल भोपळा, काकडी यांचे तसे नाही. त्यांचा पराग कीटक वाहून नेतात आणि शेजारच्या परड्यात त्याच पिकाची दुसरी जात असेल तर पुढच्या पिढीत भेसळ होते. अशा पिकांसाठी शेकडो मीटरचे अंतर राखावे लागते. ते शक्य नसेल तर कळी उमलण्याआधी फूल बांधून हाताने परागीभवन करावे लागते. संकरित वाणाचे बी राखून तर उपयोगच नाही, कारण पुढचे पीक मूळ पिकासारखे येत नाही. शिवाय किनाऱ्यावरची दमट हवा ही बियाण्याची मोठी शत्रू. आपल्या आजी-आज्या बियाण्याचे फळ चुलीवरच्या धुरात टांगून ठेवीत आणि बी राखेत घोळवून ठेवीत, ते याच कारणाने. बियाण्याचे पीक पावसाळ्यानंतर, कोरड्या हवेत तयार होईल असे धरणे आणि विक्रीपूर्वी शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून किती रुजतात ते मोजणे, ही या धंद्याची पहिली शिस्त होय.

महाराष्ट्रात भाजीपाला बियाण्याचा व्यवसाय नवा नाही. 1964 साली बद्रिनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही कंपनी स्थापन केली आणि पुढे हे शहर बियाणे उद्योगाचे केंद्र बनले. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा परिसरातील शेतकरी शेडनेटमध्ये कंपन्यांसाठी मिरची, टोमॅटो, काकडी यांचे संकरित बियाणे घेतात. त्यातून अनेक कुटुंबांना चांगला पैसा मिळाला, हे मान्य करावयास हवे. परंतु या पद्धतीत नर-मादी वाणांचे बी कंपनीचे, दर कंपनीचा आणि तयार बियाणे उगवणशक्तीच्या व शुद्धतेच्या चाचणीत उतरले नाही तर नुकसान शेतकऱ्याचे. पाकिटावर कष्टकऱ्याचे नाव कोठेच नसते.

दुसरा मार्ग अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी दाखवला. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी शेतकरी महिलेने वाल, भाज्या आणि भात यांची गावठी वाणे गोळा करून घरीच बियाणे बँक उभारली. बायफ या संस्थेची त्यांना साथ लाभली आणि बचत गटांच्या माध्यमातून ते बियाणे गावोगावी पोहोचले. 2018 साली बीबीसीने जगातील शंभर महिलांच्या यादीत त्यांचा समावेश केला आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. येथे वाण गावाचे, ज्ञान गावाचे आणि नावही गावचेच.

पूर्णगडच्या एखाद्या महिला गटाने हा दुसरा मार्ग धरावयाचे ठरवले, तर कायदा काय म्हणतो? 1966 च्या कायद्यातील कलम 24 नुसार, स्वतः पिकवलेले बियाणे स्वतःच्या जागेवरून थेट पेरणाऱ्यास दिले, तर त्यास तो कायदा लागू होत नाही. दुकान मांडून व्यवसाय करावयाचा असेल, तर 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार परवाना लागतो. 2001 चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्यास बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचा हक्क देतो. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे त्या वाणाच्या नावाने पाकीटबंद करून विकता येत नाही. नव्या मसुद्यानेही शेतकऱ्याचा हा हक्क मान्य केला आहे, परंतु एका अटीवर: विक्री ब्रँडच्या नावाने होता कामा नये.

खरी मेख येथेच आहे. कायदा लहान शेतकऱ्यास संरक्षण देतो ते तो निनावी राहील तोपर्यंत. परंतु बियाणे हा माल असा की तो डोळ्यांनी पारखता येत नाही. घेणाऱ्यास दोन-तीन महिने थांबावे लागते, मगच खरेखोटे कळते. तो पैसे मोजतो ते विश्वासाचे, आणि विश्वास नावावर बसतो. शेजारच्या वाडीत नावाची गरज नसते, तेथे माणूसच ओळखीचा. पण मुंबई-पुण्यातील गच्चीवर बाग करणाऱ्यापर्यंत पोहोचावयाचे, तर पाकिटावर गटाचे नाव हवेच. आमच्या वाचनानुसार, ते नाव छापताक्षणी मसुद्यातील नोंदणीच्या अटी या गटास लागू होतात, आणि सर्वांत गंभीर गुन्ह्यांसाठी सुचवलेली तीस लाख रुपयांपर्यंत दंड व तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूदही. मोठ्या कंपनीसाठी हा कागदोपत्री खर्च होय, दहा महिलांच्या गटासाठी धंदा न करण्याचे कारण.

याचा अर्थ लहानांना सर्व नियम माफ असावेत असा नव्हे. न रुजणारे बी विकणाऱ्याने गरिबाचा हंगाम बुडवला, मग तो विक्रेता लहान असो वा मोठा. नावाबरोबर जबाबदारी आलीच पाहिजे. परंतु जबाबदारी ऐपतीच्या प्रमाणात असावी. मर्यादित उलाढालीच्या शेतकरी गटांसाठी साधी, विनाशुल्क नोंदणी आणि जवळच्या शासकीय प्रयोगशाळेत उगवण चाचणीची सोय झाली, तर ग्राहक व उत्पादक दोघांचेही हित साधेल.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. प्रथम दोन-तीनच पिके निवडावीत आणि विक्री बांधावरून, थेट पेरणाऱ्यास करावी. प्रत्येक पुडीबरोबर पीक, काढणीचा महिना आणि शंभरातले किती दाणे रुजले, हे प्रामाणिकपणे सांगावे. सेंद्रिय असल्याचा दावा करावयाचा तर शेतकऱ्यांनी गट करून सहभागी हमी पद्धतीने, म्हणजे एकमेकांची शेते तपासून, शेतीचे प्रमाणपत्र घ्यावे. गावाचे खास वाण असेल, तर ते 2001 च्या कायद्याखाली शेतकऱ्यांचे वाण म्हणून नोंदवावे. शेतकऱ्यांना आणि गावसमाजाला त्यासाठी शुल्क पडत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, पुन्हा न रुजणाऱ्या बियाण्यांमुळे लहान शेतकरी मोठ्या उत्पादकांवर अवलंबून राहतील, असा इशारा दिला होता. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांत आज आजीच्या हातचे वालाचे किंवा दोडक्याचे बी शिल्लक आहे? या मृग नक्षत्राआधी ते शोधावे, रुजवून पाहावे, शेजाऱ्यास द्यावे. जे बी घरातूनच नाहीसे झाले, त्याचा हक्क कोणताही कायदा परत मिळवून देऊ शकणार नाही.