विश्लेषण : वारा ‘६०’, पण नॉट की किलोमीटर?

३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, म्हणजे सुमारे ६० नॉट होता. हवामानाच्या एखाद्या सॉफ्टवेअर टूलने नुसते ‘६०’ दिले तर?

प्रोग्रामर एकक विचारून घेतो. एआय एजंट टूलसोबतचे वर्णन वाचून पुढे जातो. त्यात एकक नसेल, तर तो ६० किलोमीटर धरू शकतो. मग नाखव्याला धोका निम्माच कळतो.

वर्णनात काय हवे?

- टूल कशासाठी, कधी वापरावे
- वेगाचे एकक
- वेळ भारतीय की जागतिक. फरक साडेपाच तासांचा
- ‘०’ म्हणजे वारा शांत, की माहितीच नाही?

२०२४मध्ये आलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्येही एजंट असे वर्णन वाचूनच टूल निवडतो.