अ‍ॅलर्जीच्या झटक्यात आधी अ‍ॅड्रेनॅलिन, बाकीचं नंतर

मधमाश्या चावल्या, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. जवळच्या दवाखान्यात अ‍ॅव्हिल आणि डेक्सोना टोचलं, सलाईन लावलं आणि 'मिरजेला हलवा' असं सांगितलं. अशी हकिगत आपल्याकडे नेहमी ऐकायला मिळते आणि सांगणाऱ्याला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. पण चुकलंय. जीव वाचवणारं औषध या यादीत नाहीच.

ते औषध म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. तीव्र अ‍ॅलर्जीत, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, रक्तवाहिन्या सैल पडून बीपी कोसळतो, घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात. अ‍ॅड्रेनॅलिन या तिन्हींवर काही मिनिटांत काम करतं. अ‍ॅव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात, पण बीपी वर येत नाही. डेक्सोनासारख्या स्टेरॉइडचा परिणाम व्हायला काही तास लागतात. तेवढा वेळ असतो का? ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंचा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. माशीच्या दंशाने दगावलेल्यांपैकी निम्म्यांचं हृदय सुमारे १५ मिनिटांतच बंद पडलं होतं. जतहून मिरज किंवा पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून कराड एवढ्या वेळात गाठून दाखवा!

'पेशंटला हार्टचा त्रास आहे, अ‍ॅड्रेनॅलिन कसं द्यायचं?' हे कारण मी खूप वेळा ऐकलंय. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये ते टिकत नाही. शिरेतून घाईने, जास्त मात्रेत दिलं तर धोका असतो, हे खरं. पण मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचा मोठ्या माणसाचा डोस अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी अँप्युल. त्याने थोडा वेळ धडधडतं, हात थरथरतात, एवढंच. न देण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

खरी अडचण वेगळी आहे. सगळं करून झाल्यावर, पेशंट हाताबाहेर गेल्यावर अ‍ॅड्रेनॅलिन काढायचं, आणि मग नातेवाईक म्हणणार, 'ते इंजेक्शन दिलं आणि माणूस गेला.' त्या ओरड्याच्या भीतीने पुढच्या वेळी डॉक्टर आणखी उशीर करणार. हे चक्र डॉक्टरांनीही तोडायला हवं आणि लोकांनीही.

शिराळ्याच्या लोकांना नाग नवे नाहीत. सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे त्याचीही रिअ‍ॅक्शन येते. श्रीलंकेत हजाराहून अधिक रुग्णांवर झालेली एक चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्पविषावरचं औषध देण्याआधी थोडं अ‍ॅड्रेनॅलिन दिलं, तर तीव्र रिअ‍ॅक्शन कमी झाल्या. स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनने तसा फायदा दिसला नाही.

कोविडची लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं होतं, आठवतं? अशी रिअ‍ॅक्शन आली तर लगेच उपचार करता यावेत म्हणून. तिथल्या किटमध्ये अ‍ॅड्रेनॅलिन होतं. लसीकरणाला गावात येणाऱ्या एएनएम सिस्टरनाही लसीनंतरच्या अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये पहिला डोस देण्याची मुभा आहे. मग पाटी लावून बसलेल्या डॉक्टरांनी का कचरावं? औषध महाग नाही आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. महाबळेश्वरच्या पट्ट्यात मधाचा व्यवसाय चालतो, गडांवर आग्या मोहोळं आहेत. तरीही ते प्रत्येक दवाखान्यात, साखर कारखान्याच्या औषधोपचार केंद्रात हाताशी नसेल, तर त्याला काही सबब नाही.

तुमच्या हातात काय आहे? दंश, औषध किंवा खाण्यानंतर गांधींसोबत धाप, आवाज बसणं, चक्कर किंवा वारंवार उलट्या सुरू झाल्या, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि सर्वात जवळच्या दवाखान्यात न्या. पेशंटला आडवं झोपवून पाय उंच ठेवा, उठवून चालवू नका. धाप जास्त असेल तर बसू द्या. दवाखान्यात पोहोचल्यावर स्पष्ट विचारा, 'डॉक्टर, अ‍ॅड्रेनॅलिन दिलं का?' पाच मिनिटांत फरक पडला नाही, तर दुसरा डोस देता येतो. बरं वाटलं तरी लगेच घरी नेऊ नका. काही तासांनी झटका पुन्हा येऊ शकतो.

हा प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. एखाद्या डॉक्टरला राग आला तर येऊ द्या.