कुंपणाबाहेर गेलेली डुकरे

मंडळी, रानडुकराची ओळख तुम्हांला करून द्यायला नको. मका दुधात आला, भुईमुगाच्या शेंगा भरल्या, की हे पाहुणे न बोलावता येतात आणि एका रात्रीत सगळे रान उकरून जातात. मचाणावर बसून, डबे बडवून रात्री काढणारी घरे गावोगाव आहेत. पण काही झाले तरी हे जनावर आपल्या मुलखातले, मूळचे. आपल्या जंगलात त्याच्या मागावर वाघ-बिबट्या आहे, रानकुत्र्यांच्या टोळ्या आहेत. आज सांगायची आहे ती अशा देशाची हकीगत, जिथे रानडुक्कर मुळात नव्हतेच. माणसाने ते पैसे मोजून आणले, कुंपणात पाळले आणि पुढे त्याचे त्यालाच आवरेनासे झाले.

हा देश म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेचा कॅनडा. त्याच्या पश्चिमेकडे अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा हे गव्हाचे तीन मोठे प्रांत. नजर पोचेल तिथवर सपाट शेते, मधून मधून पाणथळ जागा आणि झाडांची बेटे. १९८० आणि १९९० च्या दशकांत तिथल्या शेतकऱ्यांना सांगितले गेले, की नुसत्या धान्यावर विसंबू नका, काही जोडधंदा करा. सल्ला आपल्याही ओळखीचाच! त्या जोडधंद्यांतला एक म्हणजे युरोपातली रानडुकरे आणून पाळणे. मांसाला चांगला भाव येईल, हौशी शिकारी कुंपणातल्या शिकारीचे पैसे देतील, असा हिशेब होता. काहींनी पाळीव डुकरांशी संकर करून अंगाने मोठी आणि जास्त पिले देणारी जात तयार केली.

पण गिऱ्हाईक हवे तेवढे मिळाले नाही. २००० सालानंतर बाजार बसला. जनावराला तर रोज खायला लागते. भाव पडला म्हणून त्याची भूक कमी होत नाही. डुकराला साधे कुंपण अडवू शकत नाही, ते खालून उकरून निघते. अशी काही निसटली. आणि काही ठिकाणी मालकांनीच फाटक उघडून दिले.

त्या वेळी फार कोणी मनावर घेतले नाही. तिथला हिवाळा म्हणजे शून्याखाली तीस अंश आणि त्याहूनही खाली. एका हिवाळ्यात सगळी मरतील, असे लोक धरून चालले. डुकरे मेली नाहीत. मोठे अंग आणि दाट केस यांनी थंडी सोसलीच, शिवाय पाणथळीतले लव्हाळ्यासारखे गवत तोडून, त्याचा ढीग करून ती बर्फाखाली घर करून राहू लागली. कडाक्याच्या थंडीत पहाटे त्या ढिगातून वाफ निघताना दिसते, तेव्हा आत डुकरे आहेत हे कळते.

पुढचा हिशेब सोपा आहे. मादी वर्षाची होण्याआधीच माजावर येऊ शकते. एका वेताला सरासरी सहा पिले, आणि चारा-पाणी बरे असेल तर वर्षात दोन वेतेही होतात. मका, गहू, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, काहीही चालते. तळी उकरून पाणी गढूळ होते ते वेगळेच. दिवसा झाडीत, रात्री शेतात. त्यामुळे शेजारी कळप आहे हे शेतकऱ्याला नुकसान झाल्यावरच समजते.

मग बंदुका निघाल्या, आणि इथेच खरी मेख आहे. कळपावर गोळ्या झाडल्या की दोन-चार पडतात, बाकीची चहूकडे पांगतात. जिथे एक कळप होता तिथे दोन-तीन होतात, आणि उरलेली इतकी सावध होतात की दिवसा दिसतच नाहीत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९९९ साली डुकराची शिकार सगळ्यांना खुली केली. डुकरे कमी होण्याऐवजी नव्या नव्या भागांत दिसू लागली, कारण शिकारीची हौस भागावी म्हणून माणसेच ती गाडीत घालून नेऊन सोडत होती. शेवटी २०११ साली ती मोकळीक बंद करावी लागली. कॅनडाला लागून असलेल्या मोंटाना राज्याने तर आधीच शहाणपण केले: तिथे ही डुकरे पाळायलाही बंदी आणि त्यांची शिकार करायलाही बंदी. दिसले की फक्त कळवायचे. मिशिगन राज्याने २०१२ पासून रशियन रानडुक्कर बाळगण्यावरच बंदी लागू केली.

तिथल्या जाणकारांची रीत अशी, की आधी छुप्या कॅमेऱ्याने कळपात किती डोकी आहेत ते मोजायचे, दाणा टाकून मोठ्या पिंजऱ्याची सवय लावायची, आणि अख्खा कळप आत आला की मगच दार पाडायचे. एखाद्या डुकराच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधून सोडतात. डुक्कर एकटे राहत नाही, ते पुढच्या कळपाचा पत्ता देते. पण हे जमते ते थोडी असताना. सस्कॅचेवान विद्यापीठाचे रायन ब्रुक हे बरीच वर्षे या डुकरांचा अभ्यास करतात. कॅनडाच्या त्या मैदानी मुलखातून ती समूळ काढण्याची वेळ आता निघून गेली, असे ते सांगत आले आहेत. बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत.

तिथल्या वराहपालकांच्या मनात आणखी एक धास्ती आहे, आफ्रिकन स्वाईन फीवरची. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांची खुराडीच्या खुराडी रिकामी करतो. आपल्याकडे तो २०२० साली आसाम-अरुणाचलात आला. मोकाट कळपांत असा रोग शिरला, तर तो हटवायचा कसा?

आता आपल्या घरचे बोलू. २०१२ च्या सुमारास आपल्याकडे इमूपालनाचा डोलारा कोसळला. कर्ज काढून शेड बांधलेल्यांना गिऱ्हाईक मिळेना, काहींनी पक्षी सोडून दिले. इमू आपल्या रानात वाढला नाही, हे आपले नशीब. गाजरगवत मात्र वाढले. १९५० च्या दशकात पुण्यात ते दिसले, तेव्हा थोडीच झाडे होती. आज कुठल्या बांधावर नाही ते सांगा!

म्हणून घरात नवा जोडधंदा आणायचा विचार निघाला, की घरच्या सगळ्यांनी बसून तीन गोष्टी विचाराव्यात. माल घेणारे गिऱ्हाईक किती आणि कोण, की जो पिले विकतो तोच एक? भाव पडला तर किती महिने पदरचे खाऊ घालता येईल? आणि धंदा बंद करायची पाळी आली, तर ही जनावरे कोणाच्या हाती द्यायची? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधणारे पुष्कळ भेटतात. तिसरा प्रश्न विचारत नाही कोणी, आणि फाटक उघडते ते तिथेच.

आणि शिवारात कधी अनोळखी जनावर, मासा किंवा गवत दिसले, तर "एकच तर आहे" म्हणून सोडू नका. तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. एक असते तेव्हाच त्याचा बंदोबस्त होतो.