चिमण्यांची मोजमापे

गेल्या वर्षी माझी नात बारावीची जीवशास्त्राची वही घेऊन समोर बसली. ‘नैसर्गिक निवड’ या मथळ्याखाली जिराफाची मान आणि चार पाठ व्याख्या. “आबा, हे कुणी मोजून पाहिलंय का?” चाळीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करूनही मला चटकन उत्तर देता आले नाही.

शोध घेता हर्मन बम्पस हाती लागले. फेब्रुवारी १८९८ मधील वादळानंतर अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे गारठून पडलेल्या चिमण्या (आपल्या वळचणीला असते तीच जात) ब्राउन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणल्या गेल्या. १३६ पैकी ७२ वाचल्या, ६४ दगावल्या. बम्पस यांनी प्रत्येकीची लांबी, वजन, पंखांचा विस्तार व हाडे मोजली आणि, हे मला सर्वांत मोलाचे वाटते, नुसता निष्कर्ष न सांगता पक्ष्यागणिक सर्व आकडे छापले.

नातीला मी ४९ माद्यांचे आकडे दिले. वाचलेल्या २१ जणींची सरासरी लांबी १५७.४ मिलिमीटर, मेलेल्या २८ जणींची १५८.४. “लहान वाचल्या!” ती आनंदाने म्हणाली. मी तिला थांबविले. एवढ्या थोड्या पक्ष्यांत एका मिलिमीटरचा फरक योगायोगानेही पडू शकतो. तिचा चेहरा उतरला. पण मग तीच नरांकडे वळली. ८७ पैकी ५१ वाचले होते. माद्यांपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त. असे का, यावर आमचे जेवण थंड झाले.

एका स्नेह्यांचा आक्षेप असा, की यातून मृत्यू दिसतो, आनुवंशिकता नाही. आक्षेप रास्त आहे. त्यासाठी पीटर व रोझमेरी ग्रँट यांच्या गॅलापागोसमधील फिंच पक्ष्यांकडे जावे लागते. १९७७ च्या दुष्काळात तेथे गोखरूच्या जातीची टणक फळे फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक तगले. आणि पिल्लांच्या चोची आईबापांच्या चोचींशी ताडून पाहिलेल्या होत्या.

हा विषय आपल्या स्मरणिकेत कशासाठी? आपणच रुग्णांना सांगतो, “जंतूंना औषधाची सवय झाली.” ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली म्हणण्यासारखेच हे आहे. सवय कोणालाच होत नाही. औषधाला दाद न देणारे थोडे जंतू असतात, ते उरतात आणि वाढतात. ज्या विद्यार्थ्याने त्या चिमण्यांची सरासरी स्वतः काढली आहे, त्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही.

मंडळाच्या सभागृहात रविवारी सकाळी आलेखकागद घेऊन मुलांना हे आकडे सोडवायला द्यावेत, अशी माझी सूचना आहे. छपाईचा खर्च मी करीन. संख्याशास्त्र अजून विसरले नसतील अशा तरुण डॉक्टरांनी मात्र सोबतीला यावे.